उन्हाच्या बाजूला

छत्रपती शाहू स्टेडियमच्या दारात माझा मामेभाऊ आणि त्याचा मेहुणा एका नऊ वर्षांच्या पोराचा एकेक हात धरून उभे होते. दोघंही हसत होते. हसत होते म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

"पाव्हणं, सोडा की हात."

"दाजी, काल शब्द दिलाय त्यानं मला. माझ्याकडं बसतो म्हणून."

"शब्द असंल. आडनाव कुणाचं लावतंय?"

मागची रांग खोळंबली होती. पोलीस काठी आपटत "चला, चला, आत व्हा" म्हणत होता. आणि बारक्या (घरात सगळे त्याला हेच म्हणतात) माझ्याकडे बघून शांतपणे विचारत होता, "आत्ती, तू कुठं बसणार?"

मला काय माहीत मी कुठे बसणार! मी ठाण्याहून आईची अंबाबाईची ओटी भरायला आले होते.

तर प्रवासाचं आधी उरकते. महालक्ष्मी एक्सप्रेसचं स्लीपर, वरचा बर्थ, खाली रात्रभर मोबाइलवर भजन ऐकणारे काका. सकाळी कोल्हापूर. पहिल्या दिवशी देवीचं दर्शन, दुसऱ्या दिवशी पन्हाळा, तिथे वारा आणि मक्याचं कणीस. दोन्ही छान. त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पाहुणचाराबद्दल मात्र एक तक्रार नोंदवून ठेवते. कोल्हापुरात "पुरे" या शब्दाला अर्थ नाही. वाटीवर हात आडवा धरला तर पांढरा रस्सा बोटांच्या फटीतून ओततात. तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवणाच्या ताटावरून पळून जाण्यासाठीच म्हणाले, "दादा, आज मॅच आहे ना? मी पण येते."

घरात एकदम शांतता झाली. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुम्हाला ह्यातलं माहीत न्हाय. बसा निवांत."

माहीत नव्हतं हे खरंच. म्हणजे कोल्हापुरात फुटबॉल खेळतात एवढं ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात फुटबॉल म्हणजे कोलकाता, गोवा, केरळ. महाराष्ट्रात एक अख्खं गाव पेठापेठांत वाटून घेऊन हा खेळ खेळतं, आणि संघांची नावं क्लब वगैरे नसून चक्क तालमी असतात, हे मी आजोळ इथलं असूनही कधी नीट पाहिलं नव्हतं. लहानपणी मुलींना कोण नेणार तिकडे!

थोरल्या मामांनी चालता चालता सांगितलं. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं, पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या. लाल माती, हौदा, दंड-बैठका. पुढे त्याच तालमींतली पोरं चेंडूमागे धावायला लागली. म्हणून संघांची नावं अशी: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. शिवाय शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, फुलेवाडी, प्रॅक्टिस क्लब. मला उत्तरेश्वर वाघाची तालीम हे नाव सगळ्यांत आवडलं. मामा म्हणाले, "नाव आवडलं म्हणून संघ निवडायचा नसतो, बाई. जिथं जन्मलो तिथला." मग स्टेडियमकडे बोट दाखवून म्हणाले, "हितं पूर्वी रावणेश्वराचं तळं हुतं. तळं बुजवून मैदान केलं. भांडणं काय बुजली न्हाईत."

आता घोळ असा की दादा शिवाजी पेठेतला आणि वहिनींचं माहेर मंगळवार पेठेत. चालत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. लग्न ठरलं तेव्हा पत्रिका जुळली, हुंडा नव्हता, मुलगी शिकलेली होती. पण थोरल्या मामांच्या एका मित्राने भर बैठकीत विचारलं होतं म्हणे, "पोरं झाल्यावर कुणाकडं बसायची, ते आत्ताच ठरवा." सगळे हसले आणि चहा आला. ते ठरवायचं राहूनच गेलं.

(कोणत्या दोन तालमी ते मी लिहिणार नाही. एका पेठेत एकच संघ असतो असं नाही, तेव्हा अंदाजही बांधू नका. दादाने बजावलंय आणि मला परत तिकडे जेवायला जायचंय.)

बारक्याच्या बारशाला त्याच्या मामाने, म्हणजे दादाच्या मेहुण्याने, सोन्याची अंगठी आणली नाही. संघाची जर्सी आणली. एवढ्या लहान मापाची मिळेना म्हणून शिंप्याकडून शिवून, पाठीवर नंबर लावून. दादाने ती हसत घेतली आणि माळ्यावर टाकली. तेव्हापासून हे चालू आहे. दादाचा डाव म्हणजे पोराला तालमीत नेऊन बसवायचं. गणपतीच्या मिरवणुकीत खांद्यावर घ्यायचं. सरावाच्या वेळी पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट उचलू द्यायचा, बॉलमध्ये हवा भरू द्यायची. गांधी मैदानावर मोठी पोरं खेळत असतील तर गोलपोस्टच्या मागे उभं करून बाहेर गेलेला बॉल आणायला लावायचं. हे बॉल आणणं त्या वयाच्या पोरांत मोठा मान असतो. पावसाळ्यात त्या मैदानाचं तळं होतं, तेव्हा चिखलातून बॉल काढणाऱ्याचा मान दुप्पट.

मामाचा डाव वेगळा. वाढदिवसाला स्टड, दिवाळीला स्टड, पाय वाढला म्हणून मध्येच स्टड. वहिनी म्हणतात, "ह्या घरात माझ्या चपला कमी आणि ह्याचे बूट जास्ती."

आणि मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. ठाण्याहून येताना मी बार्सिलोनाची जर्सी आणली होती, मेस्सीच्या नावाची. वाटलं, पोरगं वेडं होईल. त्याने घडी उलगडली, दहा नंबरवरून हात फिरवला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "भारी हाय आत्ती. झोपताना घालतो."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण त्याला मेस्सी माहीत नव्हता असं नाही. मेस्सीचा डावा पाय, त्याचे क्लब, सगळं पाठ. इथे विश्वचषकाच्या वेळी तर गल्ल्याच्या गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिना होतात, कटआउट लागतात. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला आणि आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तेव्हा दोन्ही घरांनी एकाच टीव्हीसमोर बसून आरडाओरडा केला होता, हे वहिनी अजून नवलाने सांगतात. पण ते सगळं टीव्हीवरचं. मेस्सी काही सकाळी दुधाच्या रांगेत पुढे उभा नसतो.

तर दारातली ओढाताण थोरल्या मामांनी सोडवली. "उन्हात कोण बसतंय आणि सावलीत कोण?" त्यांनी विचारलं. आमची बाजू उन्हाची होती. "मग पोरगं उन्हात बसंल. सावलीत बसून कुणी मोठं हुत न्हाय." यात काय तर्क होता मला कळला नाही, पण बारक्याच्या मामाने हात सोडला. जाताना वाकून बारक्याच्या कानात काहीतरी म्हणाला. दादाने ते पाहिलं.

फेब्रुवारीतलं ऊन, पण दगडी पायरी इतकी तापलेली की मी पर्समधलं वर्तमानपत्र काढून खाली घातलं. शेजारच्याने त्यातलं अर्धं मागितलं. सोयींबद्दल विचाराल तर नाहीत. आमच्या भागात बायका मी धरून पाच-सहा दिसल्या. पुढच्या दोन पायऱ्यांवर चौदा-पंधरा वर्षांची पोरं, सगळ्यांच्या हातात मोबाइल, रील बनवायची तयारी. हलगी सुरू झाली. आणि शिव्या. शिव्यांचं मला नवल नाही, मी लोकलने प्रवास करते. पण पन्नास पोरं तालात, सुरात, एकत्र समोरच्या पेठेच्या आयाबहिणींचा उद्धार करतात आणि मागे बसलेले त्यांचे बाप, काका गालातल्या गालात हसतात, ते मला आवडलं नाही. कोल्हापूरकरांनी रागावायचं तर रागवा. एवढा पोलीस बंदोबस्त उगाच लागत नाही. एक पाण्याची बाटली कुठूनशी येऊन माझ्या खांद्याला लागली. टाकणाऱ्याने वरून "सॉरी काकू" म्हटलं. काकू!

खेळ मात्र मी समजत होते त्यापेक्षा फार वेगवान होता. आमच्याकडे एक आफ्रिकेतून आलेला उंच बचावपटू होता. इथे बरेच संघ मोसमासाठी परदेशी खेळाडू आणतात. त्याने चेंडू अडवला की मागचे म्हातारे "शाब्बास रं पैलवान!" म्हणत. तो एकदा वळून छातीवर हात ठेवून हसला. त्याला किती कळलं कोण जाणे.

बारक्या माझ्या आणि दादाच्या मध्ये. गप्प. शर्टाची कॉलर तोंडात. तो चेंडूकडे बघत नाहीये हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तो समोरच्या संघाच्या एका बुटक्या फॉरवर्डकडे बघत होता. चेंडू कुठेही असो, ह्याची नजर त्या पोरावर. मी विचारलं, "कोण रे तो?"

"मामाच्या गल्लीतला." मग अगदी हळू, "गॅरेजमध्ये असतोय. मला नावानं हाक मारतोय."

सुट्टीत आजोळी गेलं की हा गॅरेजच्या दारात बसतो, आणि तो पोरगा हात पुसत पुसत ह्याला डाव्या पायाने चेंडू थांबवायला शिकवतो, हे मला नंतर वहिनींकडून कळलं. खरं नाव घेतो म्हणे. बारक्या म्हणत नाही.

दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर मिळाला, त्यांना. चेंडू गर्दीत पडला, कुणाच्या तरी गुडघ्याला लागून मागे आला, आणि तो बुटका तिथे होता. त्याने चेंडू आधी थांबवला. एवढ्या गर्दीत, डाव्या पायाने, शांतपणे थांबवला. आणि मग मारला. गोलकीपरच्या बगलेखालून जाळीत.

समोरची बाजू फुटली. आमच्या बाजूला मयत झाल्यासारखी शांतता. आणि त्या शांततेत एकच आवाज, बारीक, फाटका, "गोऽऽल!"

बारक्या पायरीवर उभा होता. दोन्ही हात वर. माझेही हात नकळत एकमेकांजवळ आले होते, ते मी तसेच ओढणीखाली नेले.

पुढच्या दोन पायऱ्या वळल्या. मागच्या वळल्या. एक फेटेवाले आजोबा, ज्यांनी मघाशी आम्हाला भडंगाचा पुडा दिला होता, ते पुढे वाकून म्हणाले, "कुणाचं पोरगं रं हे?"

मी दादाकडे पाहिलं. मानेवरची शीर उडत होती. त्या गॅलरीत त्याला नावाने ओळखणारी दोनशे माणसं असतील. पंधरा वर्षं तो त्याच पायरीवर बसतोय. पोराचे हात अजून वर होते, पण आता ते त्याला खाली कसे आणायचे ते कळत नव्हतं.

"माझंच हाय," दादा म्हणाला.

आजोबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग बसव की खाली. मागच्यास्नी दिसंना."

एवढंच. कुणी तरी हसलं, हलगीवाल्याने उगाच दोन थापा मारल्या, पुढच्या एका पोराने "गद्दार" म्हणून पाहिलं आणि त्याला त्याच्याच काकाने टपली मारली. बारक्या बसला. त्याचे कान लाल झाले होते. थोड्या वेळाने दादाने भडंगाचा पुडा त्याच्या मांडीवर ठेवला, बोलला काहीच नाही. पोराने त्यातले फक्त शेंगदाणे वेचून खाल्ले. सामन्याचं पुढे काय झालं तेही लिहीत नाही, त्यावरून तालमी ओळखता येतील.

परत येताना वाटेत दादा आणि त्याचा मेहुणा समोरासमोर आले. मेहुण्याला बातमी पोचली होती, ते चेहऱ्यावरच दिसत होतं. मी मनात म्हटलं, आता पेटणार. मेहुण्याने तोंड उघडलं, बारक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, चहा घेऊया?" दादा म्हणाला, "घरला चला, तिथं घेऊ." घेतला. दोघांनी तासभर गॅसच्या किमतीवर चर्चा केली.

वहिनींनी मात्र पोळ्या लाटता लाटता विचारलंच. "कुठल्या बाजूला बसला हुतास रे?"

"उन्हाच्या," बारक्या म्हणाला.

न्हाणीत दादा पाय धूत होता. पाणी ओतल्याचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाची पिशवी घेऊन येत होते तर गल्लीत पोरं खेळत होती. दोन विटा इकडे, दोन तिकडे. बारक्या गोलात उभा होता आणि त्याच्या अंगात गुडघ्यापर्यंत आलेली माझी बार्सिलोनाची जर्सी होती.

"काय रे, झोपलायस का?" मी म्हटलं.

"आज हीच घालतो," तो चेंडूवरची नजर न काढता म्हणाला. "हिला कोण काय इचारत न्हाय."

रात्री महालक्ष्मीला सोडायला सगळे आले. वहिनींनी भडंगाचे चार पुडे, मटणाचं लोणचं आणि आईसाठी प्रसाद दिला. खाली पुन्हा कुणाचं तरी भजन सुरू झालं होतं. गाडी हलली तशी दादा खिडकीसोबत चालायला लागला आणि गजाला धरून म्हणाला, "एक सांग. त्या गोलला तू पण टाळी वाजवणार हुतीस का न्हाय?"

मी कानाला हात लावून काही ऐकू येत नाही अशी खूण केली.