जालन्याला बॅण्ड बघून आलो (वरातीतला नाही ओ आई!)

संभाजीनगरहून 60 किलोमीटर, पाठीवर बेस गिटार, एसटीत कंडक्टर म्हणला गिटारीचं पण तिकीट काढू का. महिन्याला 8-10 कार्यक्रम करायलेत म्हणून त्यांच्यात बेस वाजवायला जमतंय का बघायला गेलो, नाहीतर आपल्याकडं बॅण्ड म्हणजे दोन महिने प्रॅक्टिस, एक गणपती अन् मग व्हॉट्सॲप ग्रुप थंड.

म्हणलं ते माझी परीक्षा घेतील तर मी पण गुपचूप त्यांची घेतो. आधी ड्रमरच्या उजव्या पायाकडंच बघितलं, कारण किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) अन् बेस सोबत बसले नाही तर वर कितीबी भारी सोलो मारा, खाली घर हलतंच. पोरगा लै सॉलिड निघाला, फिल (मधला छोटा तुकडा) मारून बरोबर एकवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर उतरतो, लय पळवत नाही.

घोळ वेगळाच. कीबोर्डवाला डाव्या हातानं माझाच बेस (खालचे जाड सूर) वाजवायलाय! आमची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की 41 हर्ट्झवर बोलते, तिथं आसपास दोघं घुसले की नुसता चिखल. हळूच म्हणलं, दादा डावा हात जरा वर घ्या की. हसला अन् घेतला. तिथंच माझं अर्धं मन झालं.

पैशाचं विचारलं तर "तुमचं बघू ना भाऊ". हे "बघू" लै जुनं ओळखीचं आहे.

शनिवारी परतूरला हळद आहे, एक वाजवून बघतो, रात्रीच पैसे हातात पडले तर पुढचं. अ‍ॅम्प (बेसचा आवाज मोठा करणारा डबा) मात्र त्यांनी आणायचा, माझा एसटीत बसत नाही.