बघितल्याचे पन्नास

रविवार, रात्री

बोटांना पेट्रोलचा वास आहे. दोनदा साबण आणि एकदा डाळीचं पीठ लावून झालं, तरी घास तोंडाशी नेला की आधी वास येतो. बायकोने न बोलता चमचा आणून ठेवला.

पण गाडी स्लोवर टिकली! पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा चोक न ओढता, एक्सलेटरला हात न लावता, पार्किंगमध्ये पाच मिनिटं टुकटुक करत उभी होती. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

गाडी शेजारच्या काकांची. 2006 ची स्प्लेंडर, टाकीवर अजून ‘हीरो होंडा’ लिहिलेली. काकांचा गुडघा किक मारू देईना म्हणून 14 हजारांना मला दिली. इंजिन खणखणीत, पण टाकीचा रंग उन्हाने पार विटलेला. पेंटरने टाकी, साइड पॅनेल आणि हेडलाइटचा डोम मिळून साडेचार हजार सांगितले. मला वाटलं, यात काय एवढं? गच्ची आहे, पॉलिश पेपर मिळतो, स्प्रे कॅन मिळतो. रंग काळाच ठेवला, कारण आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो आणि त्यापायी आरटीओत खेटे घालायची माझी तयारी नव्हती.

रंग खरंच चांगला आला. लांबी (पुट्टी) भरली, ओला पेपर मारला, प्रायमरचे दोन हात, काळ्याचे तीन, वर लॅकर. पुण्यातल्या कर्वेनगरच्या आमच्या गच्चीवरची ढगाळ हवासुद्धा त्यात नीट दिसत होती. गाडी मात्र चालेना. चोक ओढला की सुरू, चोक बंद केला की बंद. सिग्नलला उभं राहायचं तर सतत रेस देत राहायचं. मागचा रिक्षावाला म्हणाला, "मालक, टेकऑफ कधी?"

आज शेवटी कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, उतरवला. वरची चकती फिरवली की केबलसकट पिस्टन हातात येतो, पुढचे दोन बोल्ट काढले की कार्बोरेटर मोकळा. खालची वाटी उघडली आणि सगळं समोरच दिसलं. तळाला करडा गाळ होता, त्यात तांबूस कण. करडा म्हणजे माझा प्रायमर. तांबूस म्हणजे टाकीचा गंज.

टाकी घासताना तोंडात फडक्याचा बोळा कोंबला होता, त्यातून घासलेलं पाणी आत झिरपलं असणार. त्यात मी पेट्रोल काढून टाकी पावसाळी हवेत दहा दिवस रिकामी ठेवली. आतला पत्रा ओला आणि उघडा, गंज चढायला आणखी काय हवं? आणि पेट्रोल कॉकची, म्हणजे टाकीखालच्या नळाची, बारीक जाळी मी "साफ करताना" फाडली होती, हे आज कबूल करतो. त्यामुळे आतलं सगळं थेट वाटीत.

गाडी स्लोवर असताना पेट्रोल पुरवणारा स्लो जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, मधे केसाएवढं भोक. ट्यूबलाइटकडे धरून पाहिलं तर पलीकडे अंधार. सुई घालायचा मोह झाला, पण पितळ मऊ असतं, पोलादी सुईने भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते. जुन्या वायरमधली तांब्याची एकच तार काढून हळूच फिरवली, क्लीनर मारला, सायकलच्या पंपाने हवा मारली. पुन्हा उजेडाकडे धरलं तेव्हा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका लुकलुकला. टाकीतही पेट्रोल घालून, हलवून, चार वेळा ओतून काढलं. कॉक नवीन बसवला. एअरचा स्क्रू काढताना फेरे मोजले होते, पावणेदोन. तेवढाच परत.

काका खाली आले होते. हात मागे बांधून उभे राहिले. "माझ्याकडे एवढी वर्षं होती. कधी बंद पडली नाही रे." आणि वर गेले.

बुधवार

पंपावरच्या मुलाने टाकी काठोकाठ भरली आणि नळी काढताना थोडं पेट्रोल तोंडाभोवती सांडलं. मी पुसेपर्यंत रंगाला सुरकुत्या. दुधावरची साय बोटाने सरकवावी तसा लॅकर सरकला.

ऑफिसमधला एकजण सांगतो की कॅनमधला रंग पेट्रोलला टिकतच नाही, वरचा थर हार्डनर मिसळलेल्या पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लागतो, आणि पेंटरच्या साडेचार हजारांत तोच धरलेला असतो. हे आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाला, "तू विचारलंस कधी?"

शनिवार

तोंडाभोवतीचा भाग घासून पुन्हा रंगवला. टोपणाचं क्रोमही खड्डे पडून काळवंडलं होतं, तेव्हा टोपण बसवूनच त्याच्यावरही काळा आणि लॅकरचे चांगले दोन जाड हात. आता टाकी आणि टोपण एकजीव दिसतात.

रविवार

खडकवासल्याला निघालो होतो. राजाराम पुलावरून सिंहगड रस्त्याला लागलो, गाडी लोण्यासारखी. धायरी फाटा गेला आणि किरकटवाडीच्या अलीकडे एकदम दम तुटला. आधी झटके, मग नुसतं घरंगळणं. चोक ओढला तर दोन ठोके जास्त, संपलं. बाजूला घेऊन दहा मिनिटं उभा राहिलो, किक मारली, सुरू! पुन्हा तीन किलोमीटरवर तेच. पेट्रोल किती आहे पाहावं म्हणून टोपण उघडलं, परत लावलं, आणि पहिल्या किकला सुरू झाली. देवाची कृपा म्हणालो.

धरणाच्या भिंतीपर्यंत पोहोचलो, एक कणीस खाल्लं, आणि परत येताना चार वेळा थांबलो.

सोमवार, रात्री उशिरा

कार्बोरेटर पुन्हा उतरवला. गाळ नाही, जेट स्वच्छ, वाटीतला तरंगणारा फ्लोट मोकळा हलतोय, त्याची सुई नीट बसतेय. प्लग काढला तर टोक पांढरट, म्हणजे पेट्रोल कमी पोहोचतंय. तेव्हा दोष कार्बोरेटरातच, असं मी ठरवलं. मागच्या वेळी तिथेच सापडला होता ना.

बुधवार

नाना पेठेत गेलो. दुचाकीचा सुटा भाग तिथे मिळाला नाही तर तो भाग अस्तित्वातच नाही, असं धरून चालायचं. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "मॉडेल?" मग गॅस्केट, ओ-रिंग आणि फ्लोटची सुई असलेला किट समोर टाकला. मी लक्षणं सांगायला लागलो तर म्हणाला, "मी विकतो. दुरुस्त करत नाही."

किट बसवला. गाडी आठ किलोमीटर गेली आणि बंद.

संध्याकाळी टाकी पुन्हा भरली, या वेळी स्वतः फडकं धरून. आणि आता आठसुद्धा नाही, दोन किलोमीटरलाच बंद! हे लिहिताना माझंच मला हसू येतंय, कारण उत्तर तिथेच होतं आणि मी मात्र पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून पंपावर चिडलो होतो. (पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, हे बायकोला ऐकवूनही झालं होतं.)

शुक्रवार

गाडी ढकलत वारज्याच्या बाजूला एका जुन्या गॅरेजला नेली. गॅरेजवाल्या मामांची साठी उलटलेली असावी. त्यांनी किक मारली नाही, प्लग काढला नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवरून हात फिरवला.

"रंग घरी मारला का?"

मला वाटलं कौतुक आहे. हो म्हणालो.

"झाकण रंगवताना काढलं होतं, का लावूनच?"

"लावूनच."

त्यांनी किल्ली घेऊन टोपण उघडलं. फस्स झालं. प्रेशर कुकरची शिट्टी काढताना होतं त्याच्या उलटं, हवा आत ओढल्यासारखं. रस्त्यावरच्या गोंगाटात हा आवाज मी दोनदा घालवला होता.

"गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं येतं?"

गचके देत येतं. म्हणून आई दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक भोक पाडायची. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला हवी, त्यासाठी टोपणाला बारीक वाट असते. ती मी लॅकरच्या दोन जाड हातांनी बुजवली होती. हवा नाही, म्हणून आत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरेनासं होतं. कार्बोरेटर बिचारा वाटी रिकामी घेऊन वाट पाहतोय आणि मी त्यालाच दोनदा उघडून दोष शोधतोय.

घरी येऊन हिशेब मांडला. लिटरला 60 धरले तर आठ किलोमीटरला साधारण 130 मिली पेट्रोल जातं. टाकी बरीच रिकामी असेल तर आतली पाच-सात लिटर हवा थोडी ताणून तेवढी जागा भरते, म्हणून गाडी आठपर्यंत गेली. काठोकाठ भरल्यावर ताणायला हवाच नव्हती, म्हणून दोन. दहा मिनिटं थांबलं की कुठून तरी थोडी हवा शिरायची, की पुन्हा सुरू. सगळं जुळतं. बंद पडल्या पडल्या टोपण उघडून बघायचं, एवढी साधी तपासणी होती, आणि खडकवासल्याच्या वाटेवर ती नकळत करून मी श्रेय देवाला दिलं होतं.

मामांनी टोपणाच्या खाचेत पिन घालून लॅकरचा पापुद्रा काढला, तोंडाने फुंकर मारून वाट मोकळी झाल्याची खात्री केली, आणि टोपण परत दिलं.

"किती झाले?"

"पन्नास."

"कशाचे?"

"बघितल्याचे."

रविवार

खडकवासला जाऊन-येऊन, एकदाही न थांबता. येताना मुद्दाम टाकी फुल केली, तरीही.

जिन्यात काका भेटले. "झाली का नीट? काय होतं?" किरकोळ होतं म्हणालो. "माझ्याकडे कधी..." एवढं ऐकू आलं, तोवर मी वरच्या मजल्यावर होतो.

टोपणावर पिनेचा ओरखडा उठलाय. उन्हात चांगला उठून दिसतो. अर्धा कॅन शिल्लक होता, म्हणून माळा धुंडाळला. सापडला नाही. बायकोला विचारलं, तर तिने टीव्हीवरून नजर न हलवता सांगितलं, "कचऱ्याची गाडी काल येऊन गेली."