पाणी जिरवायचं कुठं?

मी लँडस्केप आर्किटेक्ट. वाडीवर पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा एका मावशींनी विचारलं, "म्हंजी बाग लावणार का हितं?" दहा वर्षं पुण्यातल्या सोसायट्यांच्या हिरवळी राखल्यावर तो प्रश्न लागायचाच.

भीमाशंकरच्या डोंगरातली वीस-बावीस घरांची वाडी. साल २०१५. आदल्या वर्षी ३० जुलैला सकाळी याच भागातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं होतं, १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही हे एसटीच्या ड्रायव्हरच्या लक्षात आलं होतं. या वाडीचा उतारही तसाच. खाली कातळ, वर मुरूम-माती, तिच्यात पडकईची, म्हणजे उतारावर पायऱ्या कापून केलेली भातखाचरं.

माझा आराखडा पुण्यातच तयार झाला होता. घरांच्या वरच्या अंगाला समतल चर, म्हणजे पाणी अडून मुरावं म्हणून उताराला आडवे खणलेले चर, आणि बांधावर झाडं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' आमच्या पिढीला पाढ्यासारखं पाठ. शाळेच्या ओट्यावर नकाशा पसरला. एक म्हातारे बाबा बराच वेळ नुसते बघत होते.

"म्याडम, पानी जिरवायचं ते कुठं? आमच्या डोक्यावर?"

मी हसले. ते हसले नाहीत, उठून डोंगर चढायला लागले. मी धापा टाकत मागे. वर जेसीबीनं नव्यानं कापलेलं एक खाचर, आणि त्याच्या मागे जमिनीला कोयत्यासारखी वाकडी भेग. माझी चार बोटं आत गेली. "पाऊस झाला का ह्यात पानी जातंय, आन खालच्या झऱ्याला गढूळ येतंय," बाबा म्हणाले.

मुरलेलं पाणी कातळावर अडतं, माती जड होते, आतल्या पाण्याच्या दाबानं तिची पकड सुटते. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. दुष्काळी गावाला तारणारा चर इथं वाडीच्या जिवावर उठला असता, तोही माझ्या सहीनं.

दुपारी नकाशा पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काढायला बसले. भेग चिकणमातीनं बुजवायची. वर दगड लावलेला तिरका चर, पाणी न थांबता बाजूच्या ओढ्यात जाईल असा. मोठी झाडं खोडली, त्याऐवजी वाळा गवताच्या आडव्या ओळी. मुळं खोल जातात आणि उतारावर वजन येत नाही. ज्यांनी मला नेमलं होतं ते साहेब हिरमुसले, त्यांना वृक्षारोपणाचा फोटो हवा होता. घरांमागच्या खाचरांत पाणी तुंबवायचं नाही म्हटल्यावर मात्र खरं भांडण झालं. "मंग भात काय तुमच्या कागदावर लावू?" मावशींचं चुकीचं नव्हतं. दोन खाचरं नाचणीला द्यायचं ठरलं, पण मनापासून कुणीच हो म्हणालं नाही.

सगळ्यात वरची तीन घरं हलवायलाच हवीत, ते काम गवताचं नाही, हेही मी सांगून टाकलं.

निघताना भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या, मध्ये सुतळी ताणली. चौथीतल्या एका पोरानं पट्टीनं मोजून वहीत आकडा लिहिला. जुलैत पाऊस लागला की मी फोन लावायचे, रेंज असली तर लागायचा.

"आज किती रे?"

"तेवढंच, म्याडम."

मागून बाबांचा आवाज, "तरी आमी आज शाळंतच झोपतोय म्हनावं."