आमची वाटचाल

1998 साली नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये मी आणि भाऊंनी स्ट्रेनर, म्हणजे पाइपात बसवायची कचरा अडवणारी गाळणी, बनवायला सुरुवात केली. भाऊ माझे भागीदार, वयाने मोठे. हाताने फिरवायचं रोलिंग मशीन, एक वेल्डिंग सेट आणि भाऊंचा लाकडी हातोडा, एवढंच भांडवल. भोकाच्या पत्र्यावर 40 मेशची (एका इंचात 40 छिद्रांची) जाळी ओढून बसवताना ते लोखंडी हातोडा कोणाला उचलू देत नसत. एक तार सरकली की तिथूनच खडा निसटतो आणि पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं फिरणारं चक्र, खातो.

पहिली बास्केट, म्हणजे स्ट्रेनरच्या आतली काढून धुवायची जाळीची टोपली, घेतली कळमेश्वरच्या एका तेल गिरणीच्या शेठजींनी. त्यांच्याकडे स्ट्रेनरच्या डोक्यावरून दुसरा पाइप गेला होता, बास्केट काढताना तिची उचलायची कडी अडायची. म्हणून भाऊंनी कडी दीड इंच बाजूला घेतली. ड्रॉइंगही तसंच केलं, फक्त त्यांच्यासाठी.

पुढची दहा वर्षं काम बरं चाललं.

2009 मध्ये आम्हीच टिग वेल्डिंग शिकवलेला पोरगा ती ड्रॉइंगची फाइल घेऊन गेला आणि बुटीबोरीत शेड टाकली. भाव आमच्यापेक्षा बराच कमी. कसा परवडणार नाही? पत्र्याला भोकं कमी, आणि 316 स्टेनलेस स्टील सांगून माल स्वस्तातल्या 304 चा. चुंबकाने हा फरक कळत नाही, 316 मध्ये जादा असलेल्या मॉलिब्डेनम धातूची टेस्ट करावी लागते. क्लोराइडच्या पाण्यात 304 ला पिटिंग होतं, म्हणजे बारीक खड्डे पडतात, तेव्हा कुठे पार्टीला कळतं. आमची सगळ्यात मोठी पार्टी तिकडे गेली, वर आम्हालाच लुटारू म्हणाली आणि आठ महिन्यांची बिलं अडकवून ठेवली. ती अजून आलेली नाहीत. लेथ विकला. भाऊंनी दोन महिने पगार घेतला नाही.

तेव्हा शेठजी स्वतः शेडवर आले. सहा बास्केटची ऑर्डर, पूर्ण ॲडव्हान्स. त्यांना त्या वर्षी दोनच लागणार होत्या, हे मला माहीत होतं.

एक सांगतो, स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज लावा. फरक वाढला की बास्केट धुवा, तारखेची वाट पाहू नका. आणि गरज 40 ची असताना 100 मेश मागू नका, रोज तुंबेल.

मागच्या महिन्यात एका कारखान्यात त्या बुटीबोरीच्या पोराची बास्केट पाहिली. कडी दीड इंच बाजूलाच. वर पाइप नाही, काही नाही. उचलली की बास्केट कलते आणि अर्धा गाळ परत बॉडीत सांडतो. ऑपरेटर बिचारा रोज हाताने उपसतो. मी त्याला मधोमध कडी लावून दिली, पैसे घेतले नाहीत.