ठुशी

ऑगस्ट 2024 मधली गोष्ट. तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आमची संस्था लहान. बायकांचे खटले फी न घेता चालवायचे आणि जोडीला तंत्रज्ञानाच्या कायद्यांवर टिपणं लिहायची. त्या सकाळी मी 2021 च्या आयटी नियमांतल्या 4(2) शी झटापट करत होते. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आला तर मेसेज सर्वांत आधी कुणी पाठवला हे मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी सांगावं, असा तो नियम. त्यासाठी एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेजला लावलेलं कुलूप, मोडावं लागेल म्हणून व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलेलं. आमचंही मत तेच. कुलूप एकासाठी सैल केलं की सगळ्यांचंच सैल होतं, नवऱ्याच्या चोरून मदत मागणाऱ्या बाईचंसुद्धा. टिपणात मी झोकात लिहून टाकलं होतं, ‘पीडित व्यक्तीला इतर मार्ग उपलब्ध असतात.’

अकराच्या सुमारास ती आली, सोबत सासूबाई. तिचा चेहरा लावलेला एक नग्न फोटो व्हॉट्सॲपवर फिरत होता. तो तिला दाखवला ऑफिसातल्या मैत्रिणीने. हिने तो मागवून घेतला, पाहिला आणि घाबरून पुसून टाकला. सगळ्याच पुसतात, त्यात तिची काय चूक? पण कोर्टात डिजिटल पुरावा द्यायचा तर 1 जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मधलं प्रमाणपत्र लागतं, आणि ते दोन भागांत असतं. पहिल्या भागावर ज्याच्या फोनमध्ये पुरावा आहे त्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची, आणि दोन्हीकडे फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून काढलेला अक्षर-आकड्यांचा ठसा. एक पिक्सेल बदलला तरी हॅश बदलते. म्हणजे आता सगळा भार त्या मैत्रिणीच्या फोनवर. आणि मैत्रीण फोनवर म्हणत होती, ‘‘मला त्याच ऑफिसात नोकरी करायचीय हो.’’

फेसबुक-इन्स्टावर फोटो चढू नये म्हणून स्टॉपएनसीआयआय या संकेतस्थळाची सोय आहे. तिथे फोटो कुणाला द्यावा लागत नाही, त्याचा ठसा आपल्याच फोनवर तयार होतो आणि तेवढाच कंपन्यांकडे जातो. मला ही सोय फार आवडते. पण त्यालाही आधी हाताशी फोटो हवा, आणि व्हॉट्सॲपच्या बंद ग्रुपांत तिचा काही उपयोग नाही.

मग तिने विचारलंच. ‘‘मॅडम, पहिल्यांदा कुणी पाठवला ते कंपनी सांगू शकते ना?’’

समोरच्या स्क्रीनवर माझं टिपण उघडं होतं. मी म्हटलं, आज तरी नाही; आणि ते सांगायला लावणाऱ्या नियमाला आमचा विरोध आहे. का, तेही सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘म्हणजे तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?’’

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नीट देता येत नाही.

तेवढ्यात मैत्रिणीने गळ्यापर्यंत कापलेला स्क्रीनशॉट पाठवला. पुरावा म्हणून कुचकामी, पण सासूबाईंनी चष्मा पुसून फोन हातात घेतला. ‘‘ही ठुशी माझी आहे. जानेवारीत ऑफिसच्या हळदीकुंकवाला हिला एकदाच दिली होती. घरी आल्या आल्या परत घेतली.’’

त्या दिवशीचा तिचा एकच फोटो होता. तिने तो कुठेही टाकला नव्हता. होता फक्त विभागाच्या ग्रुपवर. ग्रुपमध्ये 9 जण, ती धरून.

मी पोलिसांसाठीचा कागद बाजूला सरकवला आणि आधी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखालची तक्रार लिहायला घेतली. घटनेपासून 3 महिन्यांच्या आत ती ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे द्यावी लागते. आमच्याकडे अजून वेळ होता. समितीला साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, त्यामुळे मैत्रिणीला आपण होऊन पुढे यायची गरज उरली नाही. तरी दोन दिवसांनी ती फोन घेऊन स्वतःच आली. प्रमाणपत्रावर 64 अक्षरांची हॅश मी तीनदा ताडून पाहिली. चौकशीत काय निघालं ते त्याच कायद्यातल्या गोपनीयतेच्या कलम 16 मुळे इथे लिहिता येत नाही.

त्या संध्याकाळी टिपण पुरं केलं. 4(2) ला विरोध तसाच ठेवला. ‘इतर मार्ग उपलब्ध असतात’ हे वाक्य मात्र खोडलं.