सांगली : हळद, चुना आणि पुराच्या रेषा

चित्रकाराने सांगलीला जायचे म्हणजे कृष्णेचा घाट आणि गणपती मंदिर रेखाटून परतायचे, असा जणू परिपाठच पडून गेला आहे. घाट देखणा आहे, यात वाद नाही; परंतु तो इतक्यांनी काढलेला आहे की समोर बसूनही आपल्या हातून आधीच्या चित्रांचीच नक्कल उतरते. म्हणून या खेपेस महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून उतरल्यावर मी थेट मार्केट यार्डाची वाट धरली.

2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीचे सौदे येथे होतात. ढिगातले हळकुंड बाहेरून मातकट, अगदी निस्तेज दिसते. खरेदीदार ते मोडून पाहतो तेव्हाच आतला नारिंगीकडे झुकणारा रंग उघडा पडतो. हमालांच्या सदऱ्यांवर, वजनकाट्यावर, चहाच्या पेल्यांच्या कडांवर त्याच रंगाची धूळ बसलेली असते, आणि प्रत्येक ठिकाणी तिची छटा निराळी असते.

मला खिळवून ठेवले ते मात्र एका भिंतीने. तिला नुकताच चुना दिलेला होता, तो पुरता वाळलाही नव्हता, आणि येता-जाता टेकलेल्या हातांचे पिवळे ओरखडे मधूनमधून चक्क तांबडे झाले होते. चुना लागला की हळद लाल होते. पारंपरिक कुंकू याच गुणावर तयार होते. हे ठाऊक असूनही, कोणी न ठरवता भिंतीवर उमटलेली ती रंगसंगती मला सुचली नसती, हे मान्य करावे लागेल. “पाव्हणं, भितीत काय घावलं?” पाठीवरचे पोते सावरत एका हमालाने विचारले. मी वही दाखवली. त्याने ती पाहिली, हसला आणि पुढे गेला.

दुपारी 1929 साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाकडे गेलो. येथे कृष्णेची पातळी फुटांत मोजतात : 40 फुटांवर इशारा, 45 फुटांवर धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर चढले होते. उन्हाळ्यातल्या संथ पाण्याकडे पाहताना त्या आकड्याची उंची डोळ्यांनी मोजणे, हाही रेखाटनाचाच अभ्यास होतो. गावभागातल्या काही जुन्या भिंती त्यानंतर रंगवल्या गेल्या आहेत, तरी खालच्या पट्ट्यात ओल आणि खार वर येऊन रंगाचे पोपडे सुटतात. मी त्यांच्या कडाच तेवढ्या काढल्या; संपूर्ण घर काढले असते तर ते पुन्हा नुसते ‘जुने घर’ झाले असते.

मोठे चित्र आता घरी करायचे आहे. त्यात खरी हळद वापरण्याचा मोह होतो, पण तिचा रंग उन्हात लवकर उडतो. त्यामुळे पिवळ्यासाठी कॅडमियम आणि तांबूस ओरखड्यांसाठी गेरू, असे सध्या ठरवले आहे.