पंप फिरत होता, पाणी नव्हतं

कृष्णेचा पूर ओसरला की आमच्या साखर कारखान्यात एकच घाई सुरू होते. बॉयलरचं अग्निप्रदीपन ठरलेलं असतं, मग गव्हाणीत पहिली मोळी पडणार असते, आणि या दोन्हीच्या आधी लागतं ते पाणी. ते येतं नदीकाठच्या पंपहाऊसमधून. पावसाळ्याच्या तोंडावर तिथल्या मोटारी चेन ब्लॉकने वरच्या माळ्यावर ओढून ठेवतो, नदीतून पाणी ओढणारे सक्शनचे पाइप सोडवतो आणि पाणी उतरलं की सगळं पुन्हा जोडतो. त्या वर्षी पाइप जोडायला बाहेरची टोळी लावली होती. दोनपैकी एका पंपाची मोटार रिवाइंडिंगला गेलेली. म्हणजे सगळी भिस्त एकाच ६० एचपीच्या पंपावर.

सकाळी मी पंपहाऊसच्या पायऱ्या उतरत होतो तेव्हाच आवाज खटकला. मोटार अगदी मऊ, हलकी फिरत होती. पाणी उचलणाऱ्या पंपाचा आवाज असा नसतो, त्याला एक भरीवपणा असतो. आत गेलो तर जळक्या ग्रॅफाइटचा वास. ग्लँडमधून, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवायला दोरी भरलेल्या जागेतून, धूर निघत होता. प्रेशर गेजचा काटा शून्यावर, अँपिअर मीटरवर जेमतेम ३०. भरल्या लोडवर हीच मोटार ७५च्या आसपास घेते. ऑपरेटर वर पाणी सोडणाऱ्या डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून गेजकडे बघत उभा होता. डिलिव्हरी बंद ठेवून पंप सुरू करायचा आणि प्रेशर आलं की उघडायचं, हे त्याला शिकवलेलं होतं आणि तो तेच करत होता. प्रेशर येईना म्हणून वीसेक मिनिटं वाट बघत थांबला होता.

मी आधी स्टार्टर बंद केला, फ्यूज काढून खिशात टाकले. वळतो तोवर हेल्पर पोरगा भरली बादली घेऊन, सुरू करण्याआधी पंपात पाणी भरायच्या नरसाळ्यापाशी पोचला होता.

"मामा, लई तापलाय. ओतू का पाणी?"

"बादली खाली ठेव. आधी मागं सर."

तो थबकला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तापलंय ते गार करायचं, एवढंच त्याला कळत होतं. पण बिडाच्या तापलेल्या केसिंगवर, म्हणजे पंपाच्या कवचावर, गार पाणी पडलं तर बीड तडकतं. आत पडलं तर त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती नरसाळ्यातूनच उसळून वर येते, म्हणजे थेट ओतणाऱ्याच्या तोंडावर. मला त्याहून मोठी काळजी होती ती आत उरलेल्या पाण्याची. खाली सक्शनच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह पाणी परत जाऊ देत नाही, वर डिलिव्हरी बंद. दोन्हीकडून बंद झालेल्या पेटीत इम्पेलर, म्हणजे पंपाचं पात्यांचं चाक, फिरत राहिला तर मोटारीची ताकद जाणार कुठे? सगळी उष्णतेत जाते. दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून चालवलेले पंप बॉम्बसारखे फुटल्याच्या घटना आमच्या धंद्यात घडलेल्या आहेत. म्हणून हवा सोडायच्या एअर कॉकलाही हात लावू दिला नाही. सगळ्यांना बाहेर काढलं आणि केसिंग आपोआप निवेपर्यंत थांबायचं ठरवलं.

कारखान्यातून साहेबांचे फोन सुरू झाले. "अहो, संध्याकाळपर्यंत टाकी भरायला पाहिजे." मी म्हटलं, "साहेब, पंप निवल्याशिवाय पाण्याचा थेंब घालणार नाही. केसिंग फुटलं तर नवीन कुठून आणायचं?" ते दोन क्षण गप्प झाले, मग "बरं, तुम्ही बघा" म्हणाले. त्या "तुम्ही बघा"बद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

दुपार टळल्यावर केसिंगवर हात टेकवता आला. जळलेली दोरी काढून नवी भरली, शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, मोकळा होता. मग मूळ प्रश्न. ऑपरेटर शपथेवर सांगत होता की त्याने नरसाळं काठोकाठ भरूनच पंप चालू केला होता. फूट व्हॉल्व्हवर माझा पहिला संशय. पुरानंतर त्याच्या झडपेत काटकी नाहीतर चिंधी हमखास अडकते. पाणी भरून नरसाळ्यात खूण केली आणि बसून राहिलो. पातळी हलली नाही. फूट व्हॉल्व्ह धरत होता.

मग सक्शनच्या पाइपवरून हात फिरवत पंपापर्यंत आलो आणि रिड्यूसरपाशी थांबलो. पाइप २५० मिलिमीटरचा, पंपाचं तोंड २००चं. मधला रिड्यूसर एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने उतरता. पाणी खालून उचलायचं असेल तर सपाट बाजू वर हवी. टोळीने ती खाली बसवली होती! त्यामुळे मोठ्या पाइपचा माथा पंपाच्या तोंडापेक्षा ५० मिलिमीटर उंच राहिला आणि तेवढी हवा तिथे अडकून बसली. नरसाळं भरलं, एअर कॉकमधून पाणी आलं, तरी ती हवा जागची हलत नाही. पंप फिरला की मात्र ओढली जाऊन इम्पेलरच्या तोंडाशी गोळा होते आणि पंपाची पाण्यावरची पकड सुटते.

पोरांना मी तिथेच बसवून सांगितलं. इम्पेलर जे आत असेल त्याला सारख्याच उंचीचा जोर देतो, पाणी असो वा हवा. आमचा पंप पाणी ४० मीटर चढवणारा. पण हवा पाण्याच्या सुमारे ८०० पट हलकी. हवेचे ४० मीटर म्हणजे पाण्याचे जेमतेम ५ सेंटिमीटर. आणि नदी त्या दिवशी पंपाच्या साडेचार मीटर खाली होती. कितीही वेळ फिरवला तरी तो पाणी ओढणार नव्हता.

रिड्यूसर फिरवून बसवला, गॅस्केट नवी टाकली. पुन्हा पाणी भरायला घेतलं. एअर कॉक आधी फुरफुरला, मग फेस आला, मग धार. धार आली तरी मी कॉक बंद करू दिला नाही. शाफ्ट अर्धा फेरा हाताने फिरवला, तसे पात्यांत दडलेले आणखी बुडबुडे निघाले. असं दोन-तीनदा केल्यावर धार अखंड झाली. मग कॉक बंद करून फ्यूज लावले, बटण दाबलं. काटा सरसर पावणेपाचला गेला आणि आवाज भरीव झाला.

खरा धीर लागतो तो यानंतर. वरची लाइन पावसाळाभर रिकामी. व्हॉल्व्ह एकदम उघडला तर पंपासमोर अडवणारं काहीच नसतं, पाणी बेफाम सुटतं, मोटार ओव्हरलोड होते आणि लाइनमधली हवा पुढे हाणत गेलेलं पाणी बेंडवर घणासारखं आदळतं. ऑपरेटरला म्हटलं, "चाक तू फिरव, पण डोळे अँपिअर मीटरवर ठेव. ७०च्या वर गेला की थांब." तो पाव पाव फेरा उघडत गेला. लाइन भरायला बराच वेळ लागला. मधल्या वेळात मी ग्लँडचे नट ढिले-घट्ट करून थेंब पडते ठेवले; नव्या दोरीतून पाणी ठिबकलंच पाहिजे, नाहीतर ती परत जळते. अंधार पडल्यावर टाकीवरून फोन आला, पाणी पोचलं.

रिड्यूसरच्या सपाट बाजूवर पिवळ्या रंगाने 'ही बाजू वर' असं लिहून घेतलं. करंट ठरल्यापेक्षा कमी झाला की मोटार बंद करणाऱ्या अंडरकरंट रिलेची मागणी मी त्याआधीच्या हंगामातही केली होती, तेव्हा ती खर्चाच्या यादीत तळाला गेली. या वेळी मंजूर झाली. रिले ३८ अँपिअरवर लावला आहे: डिलिव्हरी बंद असली तरी भरलेला पंप ४५ घेतो, कोरडा ३०. करंट ३८च्या खाली दहा सेकंद राहिला की मोटार आपोआप बंद.